हातांचे संगीत छापील, पायांचे पेन्सिलीने

हार्प हे पाश्चात्य वाद्यवृंदातील वाद्य आपल्याला ठाऊक असते ते मुख्यतः त्याच्या डौलदार आकारामुळे. या वाद्यासाठी छापलेल्या स्वरलिपीवर मात्र वादकाच्या कामाचा जेमतेम अर्धा भाग उमटलेला असतो. उरलेला अर्धा भाग वादक स्वतः लिहितो. त्या अर्ध्या कागदाची ही कहाणी.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि पाश्चात्य अभिजात संगीताचा भरगच्च वाद्यवृंद पाहण्याची संधी मुंबईकरांना घरच्या घरी मिळू लागली. अशा मैफलीत चायकोव्हस्की, डेब्यूसी किंवा रॅव्हेल यांच्या रचना असल्या, की मंचाच्या एका बाजूला माणसाच्या उंचीचे, कमानदार मानेचे एक वाद्य उभे दिसते. ते हार्प. वादक ते उजव्या खांद्यावर रेलून घेतो आणि दोन्ही हातांनी तारा छेडतो. श्रोत्यांची नजर त्या हातांवर खिळून राहते. वाद्याच्या पायथ्याशी वादकाचे दोन्ही पाय सतत हलत असतात, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

याच वादकाच्या डाव्या हाताला असलेल्या स्टँडवरचा कागद कोणी जवळून पाहिला, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. छापील स्वरांच्या अवतीभोवती पेन्सिलीने लिहिलेल्या अक्षरांची आणि खुणांची गर्दी उसळलेली असते. व्हायोलिनवादकाच्या किंवा बासरीवादकाच्या कागदावरही खुणा असतातच. पण त्या पुसून टाकल्या तरी सूर तेच राहतात. हार्पच्या कागदावरील पेन्सिलीच्या खुणा पुसल्या, तर वादक पुढच्या चार ओळींत चुकीचे सूर वाजवील. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी वाद्याच्या पोटात डोकावायला हवे.

सात पेडल, तीन घरे

पियानोच्या एका सप्तकात पांढऱ्या आणि काळ्या मिळून बारा पट्ट्या असतात. प्रत्येक सुराला स्वतंत्र पट्टी. हार्पच्या एका सप्तकात मात्र सातच तारा असतात. मैफलीत वाजणाऱ्या पूर्ण आकाराच्या हार्पला एकंदर ४७ तारा असतात आणि त्या सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या सात नावांनी पुनःपुन्हा येत जातात. वादकाला तारांच्या त्या जाळीत वाट सापडावी म्हणून सीच्या तारा तांबड्या आणि एफच्या तारा काळ्या अथवा निळ्या रंगाच्या ठेवतात. मग उरलेले पाच सूर येतात कोठून? ते पायांतून येतात.

वाद्याच्या तळाशी सात पेडल असतात, प्रत्येक नावाच्या सुरासाठी एक. डाव्या पायाकडे डी, सी आणि बी. उजव्या पायाकडे ई, एफ, जी आणि ए. प्रत्येक पेडल तीन घरांत अडकवता येते. ते सर्वांत वर असले, की तार मोकळी असते आणि तिचा सूर उतरलेला, म्हणजे फ्लॅट असतो. पेडल मधल्या घरात आणले, की खांबाच्या पोकळीतून गेलेली सळई वाद्याच्या मानेवरील एक चकती फिरवते, चकतीवरच्या दोन खुंट्या तारेला चिमटीत धरतात, तार किंचित आखूड होते आणि सूर अर्ध्या पायरीने चढून नॅचरल होतो. पेडल तळाच्या घरात नेले, की दुसरी चकती फिरते आणि सूर आणखी अर्धी पायरी चढून शार्प होतो. एक पेडल दाबल्याने त्या नावाच्या जवळजवळ सगळ्या तारा एकदम बदलतात. तळाच्या सी आणि डी या तारांना मात्र बहुतेक वाद्यांत हे यंत्र नसते. त्या मैफलीपूर्वीच हव्या त्या सुरात लावून ठेवतात.

आपल्याकडे गायक रागाप्रमाणे स्वरमंडळ जुळवून घेतो. राग बदलला, की कोमल-तीव्र स्वरांनुसार तारा पुन्हा जुळवाव्या लागतात. हार्पवादक हेच काम वादन चालू असताना पायांनी करतो. सात पेडल आणि प्रत्येकाची तीन घरे, म्हणजे एकूण २,१८७ प्रकारे हे वाद्य लावता येते. रचना सुरू होण्यापूर्वी यांपैकी कोणत्या मांडणीत वाद्य असावे आणि नेमक्या कोणत्या क्षणी कोणते पेडल हलवावे, हा हार्पच्या स्वरलिपीचा कणा आहे. नेमका हाच भाग अनेक छापील प्रतींत अर्धवट असतो, तर काहींत मुळीच नसतो.

कागदावर काय असते, काय नसते

वरवर पाहता हार्पची स्वरलिपी पियानोसारखीच दिसते. पाच रेघांच्या दोन पट्ट्या, वरची उजव्या हातासाठी आणि खालची डाव्या हातासाठी. या साम्यानेच अनेक संगीतकारांची फसगत झाली आहे. पियानोवादक पाचही बोटे वापरतो, तर हार्पवादक करंगळी वापरत नाही. त्यामुळे एका हाताला एका वेळी चारच सूर घेता येतात. बोटांचे आकडेही अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत एक ते चार एवढेच असतात. एका दमात जी बोटे तारांवर ठेवून द्यायची त्यांवर कंस काढलेला असतो, कारण आधी ठेवलेले बोट हेच हार्पवादकाचे निम्मे कौशल्य होय.

दुसरी अडचण सुरांच्या नावांची. पियानोवर एफ शार्प आणि जी फ्लॅट यांची पट्टी एकच. हार्पवर त्या दोन वेगळ्या तारा असतात. जीची तार वरच्या घरात मोकळी ठेवली, की जी फ्लॅट मिळतो आणि तार पूर्ण लांबीने निनादते. तोच सूर एफच्या तारेवर हवा असेल, तर ती दोनदा चिमटून आखूड करावी लागते आणि तिचा नाद थोडा आवळला जातो. म्हणून हार्पवादकाला फ्लॅट चिन्हांनी लिहिलेले संगीत प्रिय असते. सगळा वाद्यवृंद पाच शार्पांच्या बी मेजरमध्ये वाजत असला, तरी जाणता संगीतकार हार्पचा कागद सात फ्लॅटांच्या सी फ्लॅट मेजरमध्ये लिहितो. कानाला दोन्ही एकच. पण दुसऱ्या पद्धतीत सातही पेडल वर राहतात आणि वाद्य मोकळेपणी बोलते. पियानोच्या स्वरलिपीत सर्रास येणारा डबल शार्प हार्पच्या यंत्रात बसतच नाही. तो सूर शेजारच्या तारेवर शोधावा लागतो आणि वादकाला छापील सुराच्या डोक्यावर पेन्सिलीने त्या तारेचे नाव लिहून ठेवावे लागते.

सुरांच्या या दुहेरी नावांतूनच हार्पची सर्वांत ओळखीची करामत जन्माला येते. तारांवरून बोट सरकवत नेले, की सुरांचा जो धबधबा ऐकू येतो, त्याला ग्लिसांडो म्हणतात. त्यात नको असलेल्या तारा वगळण्याची सोय नसते. बोट सगळ्यांवरूनच जाणार. मग युक्ती अशी, की डी नॅचरल, ई शार्प, एफ नॅचरल, जी शार्प, ए फ्लॅट, बी नॅचरल आणि सी फ्लॅट अशी पेडले लावायची. ई शार्प आणि एफ यांचा सूर एक, जी शार्प आणि ए फ्लॅट यांचा एक, बी आणि सी फ्लॅट यांचाही एक. सात तारांतून चारच सूर निघतात आणि बोट कसेही फिरवले तरी चुकीचा सूर लागत नाही. कागदावर मात्र पहिले सात सूर आणि त्यांपुढे एक तिरपी रेघ एवढेच दिसते. पियानोवादकाला ते लेखन चमत्कारिक वाटेल; हार्पवादकाला त्यातून पायांची सगळी मांडणी वाचता येते.

पेडलांची मांडणी दाखवण्यासाठी एक छोटी आकृतीही प्रचलित आहे. एक आडवी रेघ, तिच्यावर डावीकडे तीन आणि उजवीकडे चार छोट्या उभ्या खुणा आणि मध्ये दोन पायांना विभागणारी एक लांब उभी रेघ. खूण आडव्या रेघेच्या वर असेल तर फ्लॅट, रेघेवर असेल तर नॅचरल, खाली असेल तर शार्प. वादन चालू असताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून एका क्षणात वाचता येईल, अशी ही चित्रलिपी आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देऊन जे साधले जाते, तसेच काहीसे हे. फरक इतकाच, की येथे खूण एका सुराची नसून सगळ्या वाद्याच्या त्या क्षणीच्या अवस्थेची असते.

मग ही सगळी पेडले छापूनच का देत नाहीत? कारण पेडल हलवण्याची जागा आणि सूर वाजवण्याची जागा एक नसते. तार निनादत असताना तिचे पेडल हलवले, तर ती कुरकुरते अथवा तिचा सूर घसरतो. म्हणून पेडल आधी, तार शांत असताना हलवावे लागते. एक पाय साधारणपणे एका वेळी एकच पेडल हलवू शकतो. एकाच मात्रेवर उजव्या पायाची तीन पेडले बदलायची असतील, तर त्यांतील दोन आधीच्या ओळीत कोठेतरी उरकून घ्यावी लागतात. ती जागा वादकाच्या गतीवर, पायांच्या सवयीवर आणि सभागृहात नाद किती काळ रेंगाळतो यावर अवलंबून असते. संपादकाने छापलेले पेडल एकाला सोयीचे, तर दुसऱ्याला अडचणीचे ठरते. त्यामुळे नवी रचना हाती आली, की हार्पवादक प्रथम वाद्याजवळ बसतच नाही. तो टेबलाशी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतो.

दुसऱ्या वाद्याच्या नावाने छापलेले

हार्पच्या स्वरलिपीचा इतिहास हा पुष्कळसा हरवलेल्या आणि चुकीच्या नावाने वावरणाऱ्या कागदांचा इतिहास आहे. जॉर्ज फ्रेडरिक हँडलचा बी फ्लॅट मेजरमधील हार्प कन्चेर्तो १७३६ साली लंडनमध्ये वाजला, तेव्हा तो तारांच्या तीन रांगा असलेल्या, बिनपेडलच्या वेल्श हार्पसाठी होता. दोन वर्षांनी तो छापला गेला तो ऑर्गनच्या कन्चेर्तोंच्या संचात. आज पेडल हार्पवर त्याचे वादन होते ते पुढच्या काळातील हार्पवादकांनी तयार केलेल्या प्रतींवरून.

पेडलांची कल्पना अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात आकाराला आली आणि तिचे श्रेय याकोब होखब्रुकर या कारागिराला दिले जाते. त्या वाद्याची पेडले दोनच घरांत फिरत. ते ई फ्लॅट मेजरमध्ये लावत आणि त्यावर आठच मेजर पट्ट्यांतील संगीत वाजवता येई. राणी मारी आंत्वानेत स्वतः हार्प वाजवीत असे. तिच्यामुळे पॅरिसच्या दिवाणखान्यांत या वाद्याची लाट आली. त्याच लाटेत १७७८ साली मोत्झार्टने बासरी आणि हार्प यांचा कन्चेर्तो लिहिला, तो एका बासरीवादक सरदारासाठी आणि त्याच्या हार्पवादक मुलीसाठी. सरदाराने मानधन वेळेवर दिले नाही, अशी तक्रार मोत्झार्टच्या पत्रांत आढळते. रचना सी मेजरमध्ये आहे, म्हणजे त्या मर्यादित वाद्यावर आरामात बसणारी. पण हाताची चाल पियानोची आहे, असे हार्पवादक आजही म्हणतात आणि आपापल्या प्रतीत बोटे नव्याने लिहून घेतात.

याच शतकाच्या अखेरीची एक सी मायनर सोनाटा जगभरातील हार्पचे विद्यार्थी शिकतात. आधुनिक छापील प्रतींवर बराच काळ यान लादिस्लाव्ह ड्यूसेक या पियानोवादक संगीतकाराचे नाव असे. मूळ प्रकाशन मात्र त्याच्या पत्नीच्या, म्हणजे गायिका आणि हार्पवादक सोफिया कोरी-ड्यूसेक हिच्या नावाने झाले होते. नंतरच्या संपादकाने ते नवऱ्याच्या खात्यावर घातले आणि पुढच्या पिढ्यांनी मुखपृष्ठावर विश्वास ठेवला. अभ्यासकांनी जुन्या प्रती पुन्हा तपासल्यावर आता तिचे नाव तिला परत मिळू लागले आहे.

नवे यंत्र, जुने गुरुजी

१८१० साली सेबास्तियाँ एरार याने लंडनमध्ये दुहेरी यंत्राच्या हार्पचे पेटंट घेतले. तीन घरांची पेडले, दोन चकत्या आणि सर्व पट्ट्यांत वाजू शकणारे वाद्य अशी आजच्या हार्पची रचना तेथून आली. पण नवे वाद्य आले म्हणून नवे संगीत लगेच येत नाही. पॅरिस कॉन्झर्व्हातॉरमध्ये १८२५ साली हार्पचा वर्ग सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रे फ्रान्स्वा-जोझेफ नादेर्मान याच्याकडे गेली. त्याच्या घराण्याचा व्यवसाय जुन्या एकेरी यंत्राची हार्प बनवण्याचा होता. त्याने एरारच्या वाद्याला वर्गात थारा दिला नाही. १८३५ साली तो निवर्तल्यावरच तेथे दुहेरी यंत्राचा मार्ग मोकळा झाला. गंमत अशी, की नादेर्मानच्या सात सोनाटा आज एरारच्याच पद्धतीच्या वाद्यावर प्राथमिक अभ्यासासाठी वाजवल्या जातात.

त्याच पिढीतील निकोला बोक्साची कथा तर एखाद्या नाटकाला साजेशी. खोट्या सह्यांच्या प्रकरणात अडकल्यामुळे तो १८१७ साली फ्रान्समधून पळाला. लंडनमध्ये तो रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकचा हार्पचा प्राध्यापक झाला, एका नामांकित संगीतकाराच्या गायिका पत्नीबरोबर परागंदा झाला आणि १८५६ साली थेट सिडनीत वारला. त्याचे चरित्र फारसे कोणी वाचत नाही. त्याची अभ्यासगीते मात्र जवळपास प्रत्येक हार्पविद्यार्थ्याच्या फायलीत असतात.

नव्या यंत्राची खरी ताकद कागदावर आणली ती एलायस पॅरिश अल्व्हार्स या इंग्लिश वादकाने. संगीतकार बर्लिओझने त्याला हार्पचा लिस्ट म्हटले. केवळ ४० वर्षांच्या आयुष्यात त्याने पेडलांच्या दुहेरी नावांचा असा उपयोग करून दाखवला, की त्याच्या रचना जुन्या वाद्यावर वाजवणेच अशक्य होते. बर्लिओझ स्वतः हार्प वाजवीत नसे. पण वाद्यवादनशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याने या वाद्याचे बारकावे मांडले. हार्पसाठी लिहायचे तर हार्पवादकाजवळ बसावे लागते, हे त्याने ओळखले होते.

सगळ्यांनीच ते ओळखले असे नाही. वाग्नरने ‘दास राइनगोल्ड’ या संगीतिकेत वाद्यवृंदात सहा आणि मंचावर सातवे हार्प मागितले. ‘दी वाल्क्यूर’च्या शेवटी अग्नीचे जे संगीत आहे, त्यातील हार्पचे सूर छापल्याबरहुकूम वाजवणे जवळपास अशक्य समजले जाते. वादक त्यातील काही सूर गाळतात, काही वाटून घेतात आणि परिणाम तोच राखतात. चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधील फुलांच्या नृत्यापूर्वीचा हार्पचा प्रसिद्ध एकल भागही पुष्कळ वादक थोडी फिरवाफिरव करूनच वाजवतात. श्रोत्याला फरक कळत नाही. तो कळू नये यासाठी केलेली मेहनत पेन्सिलीच्या खुणांत राहते.

दोन कंपन्या, दोन रचना

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पॅरिसमध्ये वाद्यांची लढाई कागदावर लढली गेली. प्लेयेल कंपनीच्या गुस्ताव्ह लियाँ यांनी पेडलांचा सगळा खटाटोपच रद्द करणारे क्रोमॅटिक हार्प बाजारात आणले. त्यात पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांप्रमाणे तारांच्या दोन रांगा एकमेकींना छेदत जात आणि प्रत्येक सुराला स्वतंत्र तार असे. वाद्य खपवायचे तर त्यासाठी संगीत हवे. प्लेयेलने डेब्यूसीला गाठले आणि १९०४ साली हार्प व तंतुवाद्यांसाठी त्याची दोन नृत्ये तयार झाली. एक पवित्र आणि दुसरे लौकिक.

एरार कंपनी गप्प बसणे शक्य नव्हते. तिने रॅव्हेलकडे पेडल हार्पसाठी रचना मागितली. मित्रांबरोबरच्या जलप्रवासाला निघण्यापूर्वी, १९०५ च्या जून महिन्यात, रॅव्हेलने आठवडाभर रात्रीचा दिवस करून ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ पूर्ण केले. घाईगडबडीत हस्तलिखित तो कपडे शिवणाऱ्याच्या दुकानात विसरून गेला, अशी आठवण सांगितली जाते. हार्प, बासरी, क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये यांच्यासाठीची ही रचना १९०७ साली प्रथम सादर झाली.

या रचनेचा कागद पाहिला, की रॅव्हेलने वाद्य किती समजून घेतले होते ते दिसते. तिची मुख्य पट्टी जी फ्लॅट मेजर आहे. म्हणजे सातपैकी सहा पेडले वर आणि केवळ एफचे मधल्या घरात. जवळपास सगळे वाद्य मोकळे, पूर्ण लांबीने निनादणारे. डेब्यूसीची नृत्ये ज्या वाद्यासाठी लिहिली गेली त्याला पेडलच नव्हते. साहजिकच त्यात पायांचा विचार नाही.

पुढे काय झाले? क्रोमॅटिक हार्प मागे पडले. तारांची संख्या दांडगी, नाद तुलनेने कोरडा आणि ग्लिसांडोची ती करामत त्यावर साधत नसे. पेडल हार्प टिकले. पण डेब्यूसीची नृत्ये टाकून देण्याजोगी नव्हती. हार्पवादकांनी ती पेडल हार्पवर घेतली, पायांची सगळी व्यवस्था नव्याने लावली आणि आज ती याच वाद्याची म्हणून ओळखली जातात. हरलेल्या वाद्याचे संगीत जिंकलेल्या वाद्याने वाचवले, ते पेन्सिलीच्या जोरावर.

वादकांनीच उभारलेले भांडार

पियानोला बेथोव्हेन, शोपँ आणि लिस्ट लाभले. हार्पच्या वाट्याला थोर संगीतकारांचे संगीत थोडेच आले. सेंट-साँस, फोरे, हिंडेमिथ आणि ब्रिटन यांनी एकट्या हार्पसाठी लिहिले; पण सगळे मिळून हे भांडार आटोपशीरच. ती उणीव वादकांनी स्वतः लिहून भरून काढली. पॅरिस कॉन्झर्व्हातॉरमध्ये १८८४ ते १९१२ या काळात शिकवणाऱ्या आल्फाँस हासेलमान्स यांच्या वर्गातून ही परंपरा बहरली.

त्यांची शिष्या आन्रिएत रनिए ही या परंपरेतील सर्वांत मोठी व्यक्ती म्हणावी लागेल. लहानपणी तिचे पाय पेडलांपर्यंत पोचत नसत. वडिलांनी तिच्यासाठी पेडलांना जोड बसवून दिले. १८८७ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिने कॉन्झर्व्हातॉरचे पहिले पारितोषिक मिळवले. हार्पसाठी तिने कन्चेर्तो लिहिला आणि ल्कोंत द लील या कवीच्या काव्यावरून स्फुरलेली ‘लेजांद’ ही दीर्घ रचनाही लिहिली. हासेलमान्स यांच्यानंतर रिकामी झालेली प्राध्यापकाची जागा मात्र तिला मिळाली नाही. ती मार्सेल तुर्निए यांच्याकडे गेली. रनिए घरीच शिकवत राहिली. अन्य वाद्यांसाठीचे जुने अभिजात संगीत तिने बारा खंडांत हार्पवर उतरवले आणि १९४६ साली तिची संपूर्ण वादनपद्धती प्रसिद्ध झाली. संस्थेने जे आसन नाकारले, ते तिने छापील कागदावर मिळवले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

तिचा शिष्य मार्सेल ग्राँझानी पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड शाळेत गेला. हासेलमान्स यांचाच दुसरा शिष्य कार्लोस साल्झेदो याने फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत हार्पचा विभाग उभा केला. १९२१ सालच्या आपल्या पुस्तकात साल्झेदोने हार्पवरील नवनव्या ध्वनींना नावे दिली आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र चिन्हे रूढ केली. पेडलांची ती छोटी आकृतीही त्याच्याच नावाशी जोडली जाते. फ्रेंच आणि साल्झेदो अशा दोन घराण्यांत हात धरण्याची रीत वेगळी आणि काही खुणांचे अर्थही वेगळे. तारेच्या मध्यावर हलका स्पर्श करून काढलेला सूर एक सप्तक वर ऐकू येतो. त्याच्यासाठी सुराच्या डोक्यावर एक छोटे वर्तुळ काढतात. पण लिहिलेला सूर छेडायच्या तारेचा, की प्रत्यक्ष ऐकू येणारा, याबाबत सगळ्या संगीतकारांची पद्धत एक नाही. अशा ठिकाणी छापील पान निरुत्तर असते. उत्तर मिळते ते गुरूकडून.

आजचा कागद

गेल्या दोन दशकांत या कागदाचे रूप बदलले. २००६ साली एडवर्ड गुओ या संगीताच्या विद्यार्थ्याने इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट हे विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. एका युरोपीय प्रकाशकाच्या कायदेशीर इशाऱ्यामुळे ते २००७ साली बंद पडले आणि २००८ च्या मध्यावर पुन्हा उघडले. नादेर्मान, बोक्सा, पॅरिश अल्व्हार्स यांच्या एकेकाळी दुर्मीळ असलेल्या जुन्या प्रती आता कोणालाही पाहता येतात. ज्या गावात हार्पच्या स्वरलिपी विकणारे दुकान नाही, तेथील विद्यार्थ्याला ही मोठीच सोय आहे.

भारतीय कायद्यानुसार कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्या हिशेबाने १९५६ साली निवर्तलेल्या रनिएच्या मूळ रचना २०१७ पासून, तर १९६१ साली गेलेल्या साल्झेदोच्या २०२२ पासून आपल्याकडे मुक्त झाल्या आहेत. १९७५ साली निवर्तलेल्या ग्राँझानीच्या रचनांवरील हक्क मात्र २०३५ अखेरपर्यंत आहे. इतर देशांत मुदती निराळ्या आहेत आणि नव्या संपादकाने केलेल्या बदलांवर त्याचा स्वतंत्र हक्क असू शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

कागद असा सहज हाती येऊ लागला, तरी मूळ प्रश्न सुटलेला नाही. उतरवून घेतलेल्या कोऱ्या प्रतीत सूर असतात, पाय नसतात. रनिएकडे शिकलेल्याने पेडल कोणत्या मात्रेवर हलवले, कोणते छापील सूर गाळले, कोठे तारांवर तळवा ठेवून नाद थांबवला, हे त्याच्या वापरलेल्या प्रतीतच सापडते. वादक निवृत्त झाला, की अशा प्रती बहुधा घरातील जुन्या कागदांबरोबर बाहेर पडतात आणि कधी रद्दीतही जातात. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने हार्पसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय दप्तरखाना ठेवला आहे, तो याच जाणिवेतून. मुद्रित प्रत पुन्हा छापता येते. पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत एकच असते.

आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. भातखंडे आणि पलुस्कर यांनी स्वरलिपी दिली. पण बंदिशीचा प्राण स्वरलिपीत मावत नाही, तो गुरुमुखातून घ्यावा लागतो, हे आपल्या संगीतात गृहीतच धरलेले आहे. जे लिहिले ते पूर्ण, असे मानणाऱ्या पाश्चात्य परंपरेतही एक वाद्य असे निघाले, ज्याचा कागद वादकाने हात लावल्याशिवाय पुरा होत नाही. पुढच्या वेळी मैफलीत हार्प दिसले, तर हातांवरून नजर काढून क्षणभर वाद्याच्या पायथ्याशी पाहावे. तेथे चाललेली हालचाल कोणीतरी, कधीतरी, टेबलाशी बसून पेन्सिलीने लिहून काढलेली असते.